सिरीज कुठपर्यंत वाचायची हे कसं ठरवायचं

मागच्या उन्हाळ्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे चोपड्याला आलेला, बाहेर पाय ठेवता येणार नाही असं ऊन, त्यामुळे दुपारभर घरातच, तर त्याने माझ्या कपाटातून 'ड्यून' हे फ्रँक हर्बर्टचं सायफाय, म्हणजे विज्ञानकथेचं, पुस्तक काढलं आणि चार दिवसात संपवलं. लगेच दुसरा भाग घेतला आणि अर्ध्यावर आल्यावर पुस्तक माझ्यासमोर आणून ठेवलं. "मामा, पहिलं एवढं भारी होतं आणि यात सगळे नुसते बसून बोलताहेत, हिरो पण आवडेना झाला. पुढचे पण असेच आहेत का? मग कशाला वाचू?" त्याचा चेहरा खरंच पडला होता. मला ते लगेच समजलं कारण आवडत्या गोष्टीचा पुढचा भाग फसला की जे वाटतं ते मी कितीतरी वेळा अनुभवलंय, जवळच्या माणसाने शब्द फिरवल्यासारखं वाटतं. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, फँटसी नाहीतर सायफाय सिरीज वाचणाऱ्या कोणालाही कामी येईल.

आधी केळीचं सांगतो कारण आमच्याकडे त्याशिवाय कुठलंच बोलणं पुढे सरकत नाही. पहिली लागवड कापली ती नवती. घड उतरला की ते खोड संपलं, पण त्याच्या बुडाशी पिलं आलेली असतात, त्यातलं एक ठेवलं की पुढची पिलबाग. आता पिलबागेचा घड नवतीएवढा भरतो का? भरतो, पण त्यासाठी सगळ्या पिलांतून एकच जोमदार, तलवारीसारख्या पानांचं पील ठेवावं लागतं, बाकीची वेळच्या वेळी कापावी लागतात आणि खतपाणी परत पहिल्यासारखं द्यावं लागतं. सगळीच पिलं वाढू दिली तर बाग लांबून हिरवीगार दिसते आणि घड मात्र बारीक. आणि बरेच जण पिलबाग झाली की वावर मोकळं करतात, कुठे थांबायचं हे त्यांना माहीत असतं. सिरीजचे पुढचे भाग मी याच नजरेने बघतो.

तर पहिलं काम म्हणजे सालं बघा. सगळे भाग कोणत्या साली आले ते एका कागदावर लिहून काढा, दोन मिनिटं लागतात आणि त्यातून निम्मं उत्तर मिळतं. 'ड्यून' १९६५ चं, दुसरा भाग १९६९, तिसरा १९७६. फ्रँक हर्बर्टने स्वतःच लिहून ठेवलंय की पहिलं पुस्तक पूर्ण व्हायच्या आधीच दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातले काही तुकडे लिहून झाले होते. म्हणजे भाच्याला जो दुसरा भाग उदास वाटला तो मागाहून चिकटवलेला नाही, त्याचं पील पहिल्याच्या बुडाशीच होतं. लोकांनी एका माणसाला देव करून टाकलं की काय होतं हे हर्बर्टला दाखवायचं होतं, आणि ते दाखवायला आधी तो हिरो आपल्याला आवडायलाच पाहिजे होता. म्हणून मी सांगतो की ते दोन भाग वेगळे धरूच नका, एकच गोष्ट समजून सलग वाचा, मग दुसऱ्यातलं बोलणं कंटाळवाणं वाटत नाही, जड वाटतं, आणि ते तसंच वाटायला हवं.

याच्या उलट 'फाउंडेशन' बघा. आयझॅक असिमोव्हच्या त्या मूळ कथा १९४२ ते १९५० या काळात मासिकात आल्या, त्यांची तीन पुस्तकं १९५१ ते १९५३ मध्ये झाली, आणि मग चौथं थेट १९८२ ला. जवळजवळ तीस वर्षं मधे गेली! एवढ्या काळात लिहिणारा माणूस बदलणार आणि वाचणारा पण. ते चौथं पुस्तक वाईट अजिबात नाही, त्याला १९८३ चा ह्युगो, म्हणजे सायफायचा मोठा पुरस्कार, मिळालाय, पण पहिल्या तीनमधल्या छोट्या चटपटीत कथा, प्रत्येकीत एक पेच आणि त्याची उकल, ते सगळं जाऊन तिथे एक लांब प्रवासाची कादंबरी आहे. शिवाय ज्या हजार वर्षांच्या योजनेवर सगळी सिरीज उभी आहे त्यातली जेमतेम पाचशे वर्षंच आपल्याला वाचायला मिळतात, कारण १९८६ च्या भागानंतर असिमोव्ह पुढे न जाता मागच्या काळात गेले. हे आधी माहीत असलं तर माणूस पाचव्या भागाच्या शेवटाशी भांडत बसत नाही. माझ्या मते पहिल्या तीनवर थांबणारा वाचक काहीही गमावत नाही.

दुसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिलं पुस्तक मिटल्या मिटल्या, पुढच्या भागाचं कव्हर पण न बघता, वहीत एक ओळ लिहा की या गोष्टीतलं नेमकं काय माझ्या मनात अडकलंय. "पुढे काय होतं" असं नाही लिहायचं, ते तर टीव्हीवरच्या कुठल्याही मालिकेबद्दल वाटतं. नेमकं लिहा. ही मुलगी घरी परत जाते का? त्या भिंतीपलीकडे कोण आहे? ज्या पुस्तकात त्या ओळीचं उत्तर मिळतं ते तुमचं थांबायचं ठिकाण, मग सिरीज तिसऱ्याला संपो की चौदाव्याला. आणि कधी कधी लिहायला बसल्यावर कळतं की काहीच अडकलेलं नाही, किंवा जे अडकलंय ते तसंच राहण्यात मजा आहे. आर्थर क्लार्कचं 'राँदेव्हू विथ रामा', १९७३ चं. 'रामा' असं नाव दिलेलं पन्नास किलोमीटर लांबीचं एक पोकळ नळकांडं सूर्याकडे येतं, माणसं आत उतरून बघतात आणि ते पाठवणारे कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. ते न कळणं हाच त्या पुस्तकाचा जीव आहे असं मला मनापासून वाटतं. पुढचे तीन भाग १९८९ पासून आले, कव्हरवर क्लार्कसोबत जेंट्री ली हे दुसरं नाव पण आहे, आणि त्यात माणसांच्या घरातल्या भानगडी, नाती, भांडणं याच गोष्टी जास्त. ज्याला रामाच्या त्या रिकाम्या शांततेचं वेड लागलंय त्याने तिकडे जाऊच नये असं मी स्पष्ट सांगतो.

रेटिंगवर ठरवू नका. लोक म्हणतात नवव्या भागाला पहिल्यापेक्षा जास्त स्टार आहेत म्हणजे सिरीज चढत जाते. अहो पण नवव्या भागाला स्टार द्यायला कोण उरलंय? ज्यांना दुसरा, चौथा, सहावा आवडला नाही ते तर कधीच उतरून गेले, भुसावळला गाडी अर्धी रिकामी झाल्यावर उरलेल्यांना सगळ्यांनाच बसायला जागा मिळते तसं आहे ते. त्याऐवजी दोन आणि तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचा. ज्यांना सिरीज आवडायची आणि आता खटकलं ते लोक काय खटकलं ते नीट सांगतात, आणि त्यांना खटकलेलं तुम्हाला चालणारं असेल तर बिनधास्त पुढे जा.

आता पिलं न कापण्याचं. रॉबर्ट जॉर्डनची फँटसी सिरीज 'द व्हील ऑफ टाइम' १९९० ला सुरू झाली, मी ती मनापासून वाचलीय आणि अजूनही कोणाला पण वाचायला सांगेन, पण मधल्या भागांत पात्रं आणि उपकथानकं एवढी वाढतात की मूळ पोरं दोनशे पानं भेटत नाहीत. २००३ चा दहावा भाग तर बराचसा नवव्याच्या शेवटी जे घडलं त्याच वेळी बाकीचे लोक कुठे होते हे सांगण्यात जातो. अशा ठिकाणी सिरीज सोडायची गरज नाही, वाचायची पद्धत बदला. त्या एका भागाचा सारांश कुठेतरी वाचून घ्या, आपल्या आवडीच्या पात्रांची प्रकरणं तेवढी नीट वाचा आणि अकराव्याला लागा, कारण अकराव्यात गोष्ट परत पळायला लागते. पूर्ण पुस्तक ओळ न ओळ वाचलं नाही म्हणून कोणी जाब विचारत नाही. दोन भागांत वर्षभराचं अंतर पडलं असेल तरी हेच करा, मागच्याचा सारांश आधी वाचा, नाहीतर पहिली शंभर पानं नावं आठवण्यातच जातात आणि दोष पुस्तकाला लागतो.

जॉर्डन सिरीज पूर्ण व्हायच्या आधीच २००७ ला गेले, आणि त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने शेवट लिहिला, एकाच पुस्तकाचा बेत होता त्याची तीन झाली, २००९, २०१० आणि २०१३. दुसऱ्याच्या हातचा शेवट वाचावा का, हे खूप जण विचारतात. आपल्याकडे हे नवीन नाही हो. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' सगळ्यांना माहीत, त्यांची 'भूतनाथ' त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही, ती मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी पूर्ण केली. मी अशा वेळी एकच बघतो, मूळ लेखकाने शेवट ठरवून ठेवला होता का. ठरवलेला असेल तर वाचा, भाषा बदलल्याचं पहिली पन्नास पानं जाणवतं, मग माणूस गोष्टीत शिरतो. सँडरसनचे ते तीन भाग मला अपुरे वाटले नाहीत, उलट शेवटच्या लढाईला मी दोन रात्री जागलो.

आणि एक प्रकार असा की पुढचा भाग चांगला असतो, पण पीकच वेगळं असतं. उर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी'ची पहिली तीन पुस्तकं १९६८ ते १९७२ मधली, जादूगार, ड्रॅगन, समुद्रप्रवास. चौथं, 'तेहानू', १९९० ला आलं. त्यात जादूगाराची शक्ती संपलेली आहे आणि गोष्ट एका मध्यमवयीन बाईची आणि भाजलेल्या एका लहान पोरीची आहे, शेळ्या, चूल, गावातल्यांची भीती. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चोविशीत होतो, वैतागून बाजूला ठेवलं. आईचं आजारपण काढलं, तेव्हा रात्री तिच्या उशाशी बसून परत वाचलं, आणि चारही पुस्तकांत मला आता तेच सगळ्यात जवळचं आहे. त्याला नेब्युला हा पुरस्कार पण मिळालाय. म्हणून असा भाग हातात आला तर तो फेकू नका आणि जबरदस्तीने ओढूही नका. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने तारीख टाका, कुठल्या पानावर थांबलात ते लिहा आणि कपाटात दिसेल असं ठेवा.

टेरी प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड'ला यातलं काहीच लागू नाही. एकेचाळीस कादंबऱ्या, बहुतेक स्वतंत्र वाचता येतात, आणि तिथे पुढच्याच जास्त चांगल्या आहेत, त्यामुळे पहिलीपासून सुरू करायचा हट्ट सोडा. आठवी, 'गार्ड्स! गार्ड्स!', तिथून घुसा.

अपूर्ण सिरीजचं थोडक्यात. जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चा (टीव्हीवरचं 'गेम ऑफ थ्रोन्स' यावरूनच) पाचवा भाग २०११ ला आला, सहावा अजून नाही. पॅट्रिक रॉथफसच्या 'किंगकिलर क्रॉनिकल'चा दुसरा पण २०११ चाच, तिसरा अजून नाही. अशी सिरीज सुरू करण्याआधी स्वतःला विचारा की शेवट कधीच आला नाही तरी मला एवढे भाग वाचल्याचा आनंद राहील का. माझा राहिलाय, खास करून मार्टिनच्या तिसऱ्या भागाचा. तुमचा राहणार नसेल तर तिकडे वळू नका, आधी पूर्ण झालेली घ्या. इंग्रजी जड जात असेल तर अमीश यांची शिवकथेची तीन पुस्तकं २०१३ लाच पूर्ण झालीत आणि मराठीतही आहेत, आमच्या वहिनींनी तिन्ही सलग वाचली.

भाच्याने दुसऱ्या 'ड्यून'च्या मागच्या पानावर जून महिना आणि पान नंबर लिहून पुस्तक कपाटात ठेवलं. दिवाळीला आला तेव्हा फराळाआधी ते काढलं, पण थांबला होता तिथून नाही, पहिल्या पानापासून सुरू केलं. परत जाताना बॅगेत तिसरा होता.