महिनाभर घरात नेट आणि टीव्ही बंद ठेवायचाय? मग आधी एवढं करा

रविवारी एक दिवस फोन बाजूला ठेवणं कोणालाही जमतं, पण सोमवारी सगळं परत जिथल्या तिथे. मी सांगतेय ते सलग ३० दिवसांबद्दल आणि अख्ख्या घराबद्दल. आम्ही दोनदा केलं, पहिल्यांदा नवव्या दिवशी मोडलं, दुसऱ्यांदा पूर्ण झालं, आणि फरक होता तो फक्त आधीच्या तयारीचा.

तारीख मुलांना विचारून ठरवा. परीक्षा, ऑफिसची डेडलाईन, मोठ्या मॅचेस असे दिवस टाळा. एकदम जाहीर केलं की मुलांना ती शिक्षा वाटते, आणि शिक्षा संपायची वाट बघण्यातच महिना जातो.

आधीच्या आठवड्यात एक काम नक्की करा, नेट तुमच्या घरात नेमकी कायकाय कामं करतं ते लिहून काढा. लक्षात येईल की गजर, हवामान, बिलं, तिकिटं, शाळेचे मेसेज, लोकांचे नंबर सगळं तिथेच आहे. मग गजराचं साधं घड्याळ आणा, महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा, बिलं आधीच भरून टाका, शाळेत सांगून ठेवा की काही महत्त्वाचं असेल तर फोन करा. फोन पूर्ण बंद करायची गरज नाही, मोबाईल डेटा आणि वायफाय बंद केलं तरी कॉल आणि एसएमएस चालतात, बँकेचा एसएमएसवरचा ओटीपी पण येतो. आणि नातेवाईकांना आधी कळवा, नाहीतर मेसेजला उत्तर नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी काळजीचे फोन सुरू होतात. ऑफिसचं काम घरून असेल तर ते एकाच जागी, ठरलेल्या वेळात, आणि संपलं की लॅपटॉप कपाटात.

आता वही. आमच्याकडे हीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली म्हणून जरा सविस्तर सांगते. एक साधी वही आणि पेन सगळ्यांच्या हाताशी ठेवायचं आणि दिवसभरात ज्याला जे नेटवर बघावंसं वाटेल ते त्याने तिथे लिहायचं, म्हणजे अमुक शब्दाचा अर्थ, तमुक देशाची राजधानी, ऑर्डर कुठवर आली, काहीही. संध्याकाळी २० मिनिटं, एकाच मशीनवर, खुर्चीत बसून, फक्त वहीतलंच बघायचं. गंमत अशी की संध्याकाळपर्यंत निम्म्या गोष्टी आपणच खोडतो कारण तोवर उत्तर कोणीतरी सांगितलेलं असतं किंवा ते बघायची गरजच उरलेली नसते. तिसऱ्या आठवड्यात आमची २० मिनिटं पण पूर्ण लागेनात.

मनावर ताबा ठेवू, बघणार नाही, यावर विसंबू नका. खाली सरकवत राहिलं की संपतच नाही ती इन्फिनिट स्क्रोलची सोय २००६ साली अझा रास्किन या डिझायनरने बनवली आणि पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल खंत बोलून दाखवली. टीव्हीवर पुढचा एपिसोड आपोआप सुरू होतो तेही तसंच, थांबायची जागाच काढून टाकलेली असते. म्हणून ती वस्तूच हातापासून लांब हवी, संध्याकाळची २० मिनिटं आणि ऑफिसचं काम सोडलं तर राउटर बंद करून वरच्या कपाटात, टीव्हीची वायर काढलेली, ॲप्स डिलीट. आणि सोफा फिरवा! बहुतेक घरात सगळ्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून असतात, त्या एकमेकांकडे वळवल्या की माणसं आपोआप बोलायला लागतात.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचं वेगळं बघा. त्यांची मालिका म्हणजे दुपारची सोबत असते, ती काढून घेऊन त्या जागी काहीच दिलं नाही तर ते एकटे पडतात. एकतर त्या वेळी कोणीतरी रोज त्यांच्याजवळ बसायचं, नाहीतर त्यांच्या खोलीतला टीव्ही एक तास चालू ठेवायचा, मला यात काही हरल्यासारखं वाटत नाही. टीनएजर मुलांचंही तसंच, त्यांचे मित्र नेटवर असतात, म्हणून मित्रांना घरी येऊ द्या, फोनवर तासभर बोलू द्या. अगदी लहानांबाबत मात्र सूट नको, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

तिसऱ्या दिवसापासून "बोअर होतंय" सुरू होईल. लगेच काहीतरी हातात देऊ नका, टाईमटेबल तर अजिबात करू नका. पत्ते, चित्रांचे रंग, अर्धवट लावलेलं जिगसॉ पझल समोर टेबलावर पडलेलं असू दे, बस. आमच्या पझलला तेव्हा पाचव्या दिवसापर्यंत कोणी हात लावला नव्हता.

कोणी चोरून बघितलंच तर मोजणी परत एकपासून सुरू करू नका. सवय लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असं सांगणारा लंडनमधला एक अभ्यास २००९ साली आला, त्यातही एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता.

३१व्या दिवशी सगळं एकदम चालू करू नका. आधी नेट, तेही ऑटोप्ले आणि नोटिफिकेशन बंद करून, मग आठवड्याने टीव्ही. डिलीट केलेली ॲप्स ज्याची आठवण आली नाही ती परत टाकूच नका. आमचा सोफा अजून वळलेलाच आहे, टीव्ही बघायचा तर खुर्ची ओढून आणावी लागते.