आमदाराकडं विधिमंडळाचं काम बघायला लागलात? मग आधी कामकाजाचा क्रम वाचायला शिका

अधिवेशन जवळ आलं की पोरांचे मेसेज सुरू होतात. दादा, आमदार साहेबांनी विधिमंडळाचं काम बघ म्हणलंय, काय वाचू, कुठून सुरू करू. बहुतेक आपल्याच भागातले, परभणी, हिंगोली, बीड, लातूरचे, राज्यशास्त्र केलेले नाहीतर एमपीएससीतून थकून आलेले. एकेकाला फोनवर सांगून तोंड दुखायलं म्हणून एकदाच लिहायलोय. तारांकित-अतारांकित, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, स्थगन हे काय असतंय ते तुम्हाला येतं असं धरतो, नसेल येत तर एका संध्याकाळचं काम आहे, ते काही अवघड नाही.

अवघड आहे ते भांडण कळणं. टीव्हीवर नुसतं "विधानसभेत गदारोळ, कामकाज तहकूब" एवढंच दिसतं आणि आपल्याला वाटतं हे सगळे नुसते ओरडायलेत. तसं नसतं. सभागृहातलं प्रत्येक भांडण शेवटी घड्याळावर येतं. कुठला विषय आधी, कुठला नंतर, कुणाला किती वेळ, आणि दिवस संपायच्या आत कशाची पाळी येऊच द्यायची नाही. नियमाचं पुस्तक दोन्हीकडचे हातात धरून असतात, पण बरोबर कोण हे शोधत बसलात तर तुमचं काम राहून जाईल. सरळ विचारायचं, यातून आजचा कुठला तास कुणाला मिळायलाय.

पहिलं भांडण तर अधिवेशन सुरू व्हायच्या आधीच होतं, कामकाज सल्लागार समितीत. अध्यक्ष, सगळ्या पक्षांचे गटनेते बसतात आणि किती दिवस, कुठल्या दिवशी कुठलं विधेयक, चर्चेला किती तास ते ठरतं. विरोधक म्हणतात वाढवा, सरकार म्हणतं एवढं पुरे, आणि सरकार बदललं की दोघांची वाक्यं अदलाबदल होतात, हे तुम्ही दोन-तीन वर्षांत स्वतःच बघाल. घटनेच्या कलम १७४ मध्ये दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको एवढंच आहे, किमान इतके दिवस चालवा असं कुठंच नाही. नागपूरचं हिवाळी तर १९५३ च्या नागपूर कराराच्या भरवशावर, पण तिथंही दिवस किती हा वाद ठरलेलाच. आपल्या कामाचं काय, तर या समितीत ठरलेलं त्याच दिवशी मिळवा. गटनेत्याच्या ऑफिसातून मिळतं. पेपरात येईपर्यंत थांबू नका.

आता जिथं मी अडकलो ते सांगतो, आणि जरा जास्तच सांगणार आहे, कारण दर अधिवेशनात एकतरी नवीन पोरगा इथंच अडकतो.

आमचे साहेब तेव्हा विरोधी बाकावर होते. सोयाबीनच्या पीकविम्यावर तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्यानं सभागृहात तोंडी द्यायचं असतं) दिला होता, अधिवेशनाच्या कितीतरी आधी, तलाठ्यापासून विमा कंपनीच्या माणसापर्यंत सगळ्यांकडून माहिती गोळा करून. प्रश्नाची भाषा तर ठरलेली, तुम्हाला माहीतच आहे: "(१) ... शेतकऱ्यांना पीकविम्याची रक्कम अद्याप मिळालेली नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, (३) त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" स्वीकारला गेला, यादीत नंबर वर लागला. गावाकडं फोन गेले, कार्यकर्त्यांनी लाइव्ह बघा म्हणून स्टेटस टाकले. मी उपप्रश्नांचा कागद तयार ठेवला. हे लक्षात घ्या, तारांकित प्रश्नाचा जीव उपप्रश्नात असतो. छापील उत्तर अधिकाऱ्यानं लिहिलेलं असतं, मंत्र्याला स्वतःच्या तोंडानं बोलावं लागतं ते उपप्रश्नाला, आणि तिथंच "महिनाभरात पैसे देऊ" असं काहीतरी निघून जातं, ते रेकॉर्डवर येतं, मग त्याचा पाठपुरावा करता येतो, आश्वासन समितीपर्यंत (मंत्र्यांनी दिलेले शब्द पाळले का ते बघणारी आमदारांची समिती) नेता येतं.

त्या दिवशी सकाळी आमच्याच पक्षानं पायऱ्यांवर आंदोलन केलं, आत आल्या आल्या विरोधी बाकांवरनं नियम ५७ ची सूचना पुढं आली, प्रश्नोत्तरं बाजूला ठेवा आणि आमच्या विषयावर आधी चर्चा घ्या. (विधान परिषदेत हाच डाव नियम २८९ खाली खेळतात.) अध्यक्षांनी नाकारली. घोषणा, वेलमध्ये म्हणजे अध्यक्षांच्या समोरच्या मोकळ्या जागेत उतरणं, दहा मिनिटं तहकूब, परत बसले, परत तहकूब, आणि प्रश्नोत्तराचा तास संपला. आमचा प्रश्न पुकारलाच नाही. पुकारला नाही म्हणजे तो उद्यावर जात नाही हो! तास संपला की राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं लेखी दिली असं धरतात, म्हणजे छापील उत्तर हेच शेवटचं उत्तर. काय होतं त्यात? "(१) हे अंशतः खरे आहे." मग दोन ओळी कंपनीला कळवल्याच्या. आणि शेवटी, "(४) प्रश्न उद्भवत नाही." या तीन शब्दांचा मला आजही राग येतो. बांधावर माणूस बसलाय पासबुक घेऊन आणि इथं प्रश्न उद्भवत नाही.

आता यात कुणाचं काय झालं बघा. विरोधी पक्षाला टीव्हीवर दिवस मिळाला. सरकारला त्याहून जास्त मिळालं, एक आख्खा तास मंत्र्यांना उपप्रश्न नाहीत, आणि गोंधळ चालू असतानाच पुढं कागदपत्रं पटलावर आली, विधेयकं काही मिनिटांत चर्चेविना पास. गेलं कुणाचं, तर ज्याचा प्रश्न यादीत वर होता त्या आमदाराचं, मग तो कुठल्या का बाकावर असेना. आपल्याच पक्षाच्या गोंधळात आपलाच प्रश्न वाहून जातो, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

म्हणून आदल्या रात्री प्रतोदाच्या (पक्षाच्या आमदारांना आदेश देणारा, म्हणजे व्हिप) ऑफिसला फोन. रोज. उद्या सकाळचा प्लॅन काय, आत बसायचंय का उठायचंय. आपला प्रश्न वर असेल तर साहेबांना गटनेत्याशी बोलायला लावा, "माझा प्रश्न होऊ द्या, मग उठू", असं चालतं, ऐकतात पण. ऐकलं नाही तर मोकळं झालं असं समजू नका. छापील उत्तर हातात आलं की त्याच उत्तरातनं निघणाऱ्या मुद्द्यावर अर्धा तास चर्चेची सूचना टाका, उत्तर तोंडी झालं का लेखी याच्यावर ते अडत नाही. आणि तोच विषय पुरवणी मागण्यांच्या (सरकार वरचा खर्च मंजूर करून घेतं त्या) भाषणात कृषी विभागाखाली घुसवा. एकाच टोपलीत अंडी ठेवू नका, विशेषतः ती टोपली सकाळच्या पहिल्या तासाची असेल तर.

घाबरू नका पण. पहिल्या अधिवेशनात सगळ्यांचंच असं काहीतरी जातं, आमदार ओरडतात आणि संध्याकाळी विसरतात.

दुसरी गोष्ट, हरकत ज्या क्षणाची त्याच क्षणाला. अध्यक्ष म्हणतात, बाजूनं असतील त्यांनी होय म्हणावे, विरोधात असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत आहे, होयचे बहुमत आहे, प्रस्ताव मंजूर. हे म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच तुमचा वेळ. पोल, म्हणजे मतं मोजून घेणं, मागायचा तर तिथंच उभं राहून मागायचा, पुढचा विषय पुकारल्यावर नाही. १२ नोव्हेंबर २०१४ आठवा. भाजपचे निवडून आलेले १२२, बहुमताला लागतात १४५, आणि फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं पास झाला. खुर्चीवर आपल्या फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे, त्याच दिवशी अध्यक्ष झालेले. काँग्रेस-शिवसेना पोल मागत राहिले, मिळाला नाही, मग बाहेर राज्यपालांची गाडी अडवण्यापर्यंत गेलं आणि काँग्रेसचे पाच आमदार निलंबित झाले. कोण चूक कोण बरोबर यावर चहाच्या टपरीवर आजही भांडणं होतात, पण आपल्या कामापुरतं एवढंच की पुढच्या दहा मिनिटांत काय पुकारणार ते साहेबांना आधी माहीत पाहिजे. चिठ्ठी तयार पाहिजे.

आणि नियम आपल्या बाजूचा आहे म्हणून खूश व्हायचं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीनं अध्यक्षाच्या निवडणुकीचा नियम बदलला, गुप्त मतदान काढून उघड मतदान आणलं, भाजपनं जोरात विरोध केला, राज्यपालांनीही हरकत घेतली आणि निवडणूक लांबली. पुढं सरकार बदललं आणि ३ जुलै २०२२ ला निवडणूक झाली ती उघडच, सदस्य एकेक करून उभे राहून शिरगणती, राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७. ज्यांनी नियम केला ते हरले, ज्यांनी विरोध केला ते त्याच नियमानं जिंकले. म्हणून मी पोरांना सांगतो, पक्षाचे व्हॉट्सअॅप ग्रुप वाचून नियमावर मत बनवू नका, बाक बदलला की तेच मत घशात अडकतं.

कोर्टात जाऊ म्हणणारे पण भेटतील. कलम २१२ वाचून घ्या, कार्यपद्धतीत काही चुकलं एवढ्यावरनं कोर्ट सभागृहात डोकावत नाही. डोकावतं ते घटनाच मोडली असेल तर. ५ जुलै २०२१ ला भाजपचे १२ आमदार एक वर्षासाठी निलंबित केले होते, सुप्रीम कोर्टानं २८ जानेवारी २०२२ ला ते रद्द केलं, कारण विधानसभेचा नियम ५३ उरलेल्या अधिवेशनापुरताच जातो, त्याच्या पुढं नाही. आणि विषयपत्रिकेवरचंच बघायचं असेल तर अरुणाचलचं प्रकरण नक्की वाचा. तिथं राज्यपालांनी १४ जानेवारी २०१६ चं अधिवेशन १६ डिसेंबर २०१५ ला ओढलं, वरून सांगितलं की पहिला विषय अध्यक्षांना हटवण्याचा घ्या. जुलै २०१६ मध्ये पाच न्यायमूर्तींनी हे सगळं बाजूला केलं, सभागृहानं काय आधी घ्यायचं हे राज्यपालांनी ठरवायचं नसतं म्हणून. नुसता क्रम! त्याच्यावर एक सरकार गेलं आणि कोर्टानं परत आणलं.

आपल्या भागाचं सांगतो. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. १ मार्च २०२१ ला, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, विरोधकांनी विषय काढला, तेव्हा अजितदादांनी सभागृहात सांगितलं की विधान परिषदेवर नेमायला सरकारनं पाठवलेली आणि राज्यपालांकडं अडलेली १२ नावं राज्यपाल ज्या दिवशी जाहीर करतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळं जाहीर करू. झालं, दिवसभर चर्चा १२ नावांची. अनुशेष म्हणजे मागास राहिलेल्या भागाचा विकासाचा बाकी वाटा, सिंचन, रस्ते, ज्याच्यासाठी घटनेचं कलम ३७१(२) आहे, ते राहिलं बाजूला. दोन्ही पक्षांना भांडण सोयीचं होतं. मराठवाड्याचा विषय असला की मला आता आधी हीच भीती वाटते, की तो कुणाच्या तरी दुसऱ्या भांडणाला बांधला जाईल. आपल्या सूचनेत शक्यतो एकच तालुका, एकच प्रकल्प, एकच तारीख ठेवा, म्हणजे बांधायला दोरी सापडत नाही.

शिकायचं कुणाकडं? हे माझं मत आहे, पटलं तर घ्या. "साहेबांचा खास" म्हणून फिरणाऱ्यांकडं नाही, त्यांना पास आणि कॅन्टीन सोडून काही माहीत नसतं. पैसे घेऊन रेडीमेड लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लिहून देणारे आहेत, त्यांच्या नादी तर अजिबात लागू नका, तीच भाषा तीन आमदारांच्या नावानं गेलेली मी डोळ्यांनी बघितलीय आणि सचिवालयातले लोक हसतात. एआयकडून प्रश्न लिहून घेणारे पण आता आलेत, लिहा बाबा, पण गावाचं नाव आणि योजनेचं नाव तरी तपासा. खरं शिकायचं तर विधानमंडळाच्या वेबसाइटवर जुनं कामकाज शब्दशः पडलेलं असतं, कुठल्याही गदारोळाच्या दिवसाचं उघडा आणि शेजारी नियमावली ठेवून वाचा, अध्यक्षांनी "तपासून निर्णय देईन" कधी म्हणलं, लक्षवेधी "राखून ठेवली" कधी म्हणलं, बघा. कंटाळा येतो. येऊ द्या. आणि निवृत्त झालेला एखादा कक्ष अधिकारी ओळखीचा निघाला तर त्याच्या घरी जाऊन बसा, चहा तुम्ही पाजा.

नागपूरला पहिल्यांदा जाणार असाल तर पासचं काम आठवडाभर आधी उरका, गेटवर ओळख चालत नाही. थंडी आपल्यापेक्षा जास्त असते, स्वेटर न्या. आणि जे अजून शिकतायत, राज्यशास्त्रात एमए चालू आहे, त्यांनी विभागात जाऊन राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेच्या संसदीय अभ्यासवर्गाची चौकशी करा, तो हिवाळी अधिवेशनात नागपूरलाच असतो. गॅलरीत बसायला मिळालं तर बोलणाऱ्याकडं बघू नका, अध्यक्षांच्या समोर खाली बसलेल्या सचिवांकडं बघा, ते कुठला कागद वर सरकवतात ते बघा. पुढं काय पुकारणार ते तिथंच आधी दिसतं.