सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस करताय? या चुका टाळा

सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस म्हणजे एखादी घटना घडायला किती वेळ लागतो, याचं गणित. घटना घडलीच नाही म्हणून नोंद गाळू नका; केळीच्या प्रयोगात न निसवलेली, म्हणजे घड बाहेर न पडलेली, झाडं यादीतून काढू नका. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या आठवड्यात दर वर्षी कोणीतरी नेमकं हेच करून जळगावात माझ्याकडे येतो.

मागे रावेरकडचा एक मुलगा आला. घरची केळी लागवडीपासून किती दिवसांत निसवते, हे त्याने मोजलेलं. ठिबकमधून दोन खतं दिलेली, त्यांची तुलना. काम चोख, वही मातीने माखलेली. फक्त शेवटच्या फेरीपर्यंत न निसवलेली झाडं गायब. विचारलं तर म्हणे, "सर, ती तर निसवलीच नाही, मंग तारीख काय लिहू?"

तारीख नसली तरी 'इतक्या दिवसांपर्यंत तरी नाही' एवढं कळलेलं असतं. यालाच सेन्सॉर्ड नोंद म्हणतात. त्याच्याच वहीतली पाच झाडं फळ्यावर मांडली. तीन निसवली २१०, २२५ आणि २४० दिवसांनी. एक २३२ व्या दिवशी वादळाने आडवं. एक २५० पर्यंत तसंच. तिघांची सरासरी २२५. आता कापलान-मायरच्या १९५८ सालच्या रीतीने बघा, म्हणजे दर वेळी तोवर नजरेखाली उरलेल्यांतली किती निसवली ते मोजत. २१० ला पाचातलं एक निसवलं, न निसवलेल्यांचं प्रमाण ०.८. २२५ ला चारातलं एक, ०.६. २४० ला, वादळातलं वगळून, दोनच उरलेली, त्यातलं एक, म्हणून ०.३. म्हणजे निम्मी निसवायला २४० दिवस. सगळी बाग अशी मोजल्यावर त्याचं 'लवकर निसवणारं' खत मागे पडलं. गाळलेली झाडं जास्त त्याच ओळींतली होती.

हरण्या रोगामुळे उपटलेलं झाड मात्र वादळात पडलेल्यासारखं धरू नका. सेन्सॉर केलेलं झाड बाकीच्यांसारखंच होतं, या गृहीतावर सगळं गणित उभं आहे. रोगट झाड तसं नसतं. ती स्पर्धक घटना, म्हणजे निसवण्याच्या आड येणारी दुसरी घटना, वेगळी नोंदवा.

१८० व्या दिवशी दुसरा डोस मिळालेल्या झाडांचा गट लागवडीपासून मोजू नका. त्याआधी निसवलेलं झाड त्या गटात येऊच शकत नाही, म्हणून गट उशिरा निसवल्यासारखा दिसतो आणि डोस बिचारा उगाच बदनाम होतो.

गटांच्या निसवण्याच्या दराची तुलना करणारं कॉक्सचं १९७२ चं मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत चालतं, म्हणून घाईवाले तिथूनच सुरुवात करतात. आधी प्रत्येक गटाचा, न निसवलेल्यांचं प्रमाण दाखवणारा वक्र काढा. ते वक्र एकमेकांना ठळकपणे छेदत असतील तर एकच हझार्ड रेशो, म्हणजे दोन गटांच्या त्या-त्या वेळच्या निसवण्याच्या दरांचं गुणोत्तर, सांगून काय उपयोग? आणि रेशो २ म्हणजे निम्म्या दिवसांत निसवली, असं नव्हे.

घटनेच्या रकान्यात निसवलं तर १, नाही तर ०. उलटं भरलंत तरी सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. म्हणून पहिली पाच झाडं मी हातानेच करायला लावतो. कंटाळा येतो म्हणणाऱ्याची वही मी न उघडता परत देतो.