चपट्या कृमींचा वंशवृक्ष: गगनबावड्याच्या ओढ्यापासून खाटकाच्या दुकानापर्यंत

मुक्त जगणारे चपटे कृमी हा एक वर्ग आणि फ्लूक (यकृतासारख्या अवयवांत राहणारे), मोनोजेनिया (माशांच्या कल्ल्यांवरचे), पट्टकृमी (आतड्यातले, फितीसारखे) हे परजीवी त्याच तोडीचे आणखी तीन, ही मांडणी आता सोडून द्या. हे तिन्ही परजीवी गट एकाच पूर्वजाचे वंशज आहेत आणि तो पूर्वज मुक्तजीवींच्याच एका फांदीवरचा. कोल्हापुरात नमुने गोळा करून हे पडताळता येतं.

प्लॅनेरिया या मुक्तजीवी चपट्या कृमीसाठी गगनबावड्याकडच्या ओढ्यांत, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, सावलीतले दगड उलटून पाहा. नाहीतर कलेजीचा छोटा तुकडा मलमलीत बांधून संध्याकाळी दोनेक तास पाण्यात सोडा. पाणी ओढ्याचंच आणा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने प्लॅनेरिया मरतात.

म्हशीच्या यकृतातल्या पित्तनलिका चिरल्या की पानासारखा फॅसिओला हा फ्लूक मिळू शकतो, बकऱ्याच्या आतड्यात मोनिझिया हा पट्टकृमी, ताज्या कटल्याच्या कल्ल्यांवर मोनोजेनिया. डुकराचा पट्टकृमी मात्र घेऊच नका: त्याची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होतात. परजीवी १०० मिली पाण्यात ०.८५ ग्रॅम मीठ घालून त्यात ठेवा; साध्या पाण्यात ते फुगतात.

खरा पुरावा त्वचेत आहे. नमुने बुइन द्रावणात (ऊती टिकवणारं रसायन) २४ तास ठेवून ५ ते ७ मायक्रॉनचे छेद, म्हणजे पातळ काप, घ्या, हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगद्रव्यांनी रंगवा. प्लॅनेरियात पेशींची रांग आणि पोटाकडे रोमके (केसांसारखे सूक्ष्म तंतू) दिसतील. फ्लूक आणि पट्टकृमीत वरचा थर सलग, पेशींच्या भिंतींविना असतो. त्याची केंद्रकं स्नायूंच्या खाली दडलेली. डिंभकाची (अळीची) रोमकधारी त्वचा गळून ही नवी त्वचा येते, म्हणूनच या गटाचं नाव निओडर्माटा. कृमी मरून तास उलटले असतील तर हाच थर सोलून निघतो आणि छेद वाया जातो, तेव्हा जिवंतच नमुना बुइनमध्ये टाका.

पट्टकृमीला आतडं नाही म्हणून त्याला आदिम ठरवू नका. परजीवी झाल्यावर ते हरवलंय.

डीएनएसाठी वेगळा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये नको. १८एस आणि २८एस रायबोसोमल आरएनए जनुकं जुळवताना बाह्यगट (तुलनेसाठीचा दूरचा नातेवाईक) म्हणून कॅटेन्युलिडा हे मुक्तजीवी चपटे कृमी घ्या. असील (Acoela) या साध्या रचनेच्या कृमींना १९९९ मध्येच चपट्या कृमींतून वेगळं काढलं गेलं, ते इथे चालत नाहीत. बोथ्रिओप्लाना या मुक्तजीवी कृमीचा डीएनए-क्रमही जरूर घ्या: २०१५ च्या जनुकसंच-अभ्यासात निओडर्माटाचा सर्वांत जवळचा मुक्तजीवी नातेवाईक तोच ठरला. परजीवींची जनुकं झपाट्याने बदलतात, त्यामुळे वंशवृक्षावरच्या त्यांच्या लांब फांद्या खरं नातं नसतानाही उगाच एकमेकींना चिकटतात; अशी जोडी दिसली तर वेगाने बदलणाऱ्या जागा वगळून झाड पुन्हा बांधा.