कोकणात व्हॅनमध्ये झोपायचं तर रात्रीची फुकट जागा कशी शोधावी

गाडीत झोपायचं ठरलं की लोक गादी, पंखा आणि पडदे यांत दोन महिने घालवतात. ते तुमचं तुम्ही बघा. प्लायवूडचा एक ओटा आणि खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी, एवढ्यावर मी आठ हिवाळे काढलेत. संध्याकाळी गाडी लावायची कुठे, हे मात्र कुणी धड सांगत नाही. "कोकणात काय, कुठेही लावा, माणसं चांगली आहेत" असं म्हणणाऱ्यानं एकही रात्र गाडीत काढलेली नसते, हे खुशाल समजा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढंच फिरा. मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात उकडून निघाल आणि पावसात घाटाच्या पायथ्याशी झोपू नये.

दुपारी चारला शोध सुरू करा, पाचला नाही. हिवाळ्यात सहाला सूर्य बुडतो, आणि अंधार पडल्यावर गावात शिरलेली अनोळखी गाडी संशयाचीच असते. मोबाइलवरच्या नकाशातले 'फ्री कॅम्पिंग'चे ठिपके बघू नका. ते कुणीतरी दुपारी फोटो काढून टाकलेले असतात.

सागरी महामार्गावरून आत जाणारा एखादा फाटा धरा आणि पहिल्या दुकानात विचारा, "वस्तीची एसटी कुठे थांबते?" म्हणजे रात्री गावातच मुक्काम करून पहाटे सुटणारी एसटी. माझा सगळा अनुभव या एका प्रश्नात आहे. वस्तीची गाडी थांबते तिथं जमीन सपाट असते, बहुधा दिवा असतो, शेजारी देऊळ नाहीतर शाळा असते, आणि ड्रायव्हर-कंडक्टर जवळपासच झोपतात. एसटीची वळायची जागा तेवढी सोडा. मी पहिल्याच वर्षी ती अडवून झोपलो होतो. पहाटे साडेपाचला ड्रायव्हर काचेवर अंगठीनं टकटक करत उभा, मी अर्ध्या चड्डीत चावी शोधतोय आणि मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका माझ्याकडे बघून हसतायत. चावी उशीखाली होती.

आता परवानगी. "इथे गाडी लावली तर चालेल का?" असं विचारूच नका. कुणीही "चालेल" म्हणतो, पण जागा त्याची नसते, आणि रात्री अकराला ज्याची असते तो येतो. "ही जागा कुणाची? कुणाला विचारायचं?" असं विचारा. देवळाचं आवार असेल तर गुरव किंवा मानकरी, नाहीतर सरपंच किंवा पोलीस पाटील. कुठून आलो, किती जण आहोत, सकाळी कधी निघणार, हे न विचारता सांगून टाका. नकार मिळाला तर घासाघीस न करता पुढच्या गावाला जा; चारला निघालात तर तेवढा वेळ हाताशी असतो.

आणि पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. समुद्राला चाकं लावून झोपायचं वेड प्रत्येकाला असतं, मलाही होतं. त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी पाचला मालवणच्या पुढे एका किनाऱ्यावर पोचलो तर पाणी पार लांब गेलेलं, वाळू फरशीसारखी टणक. जाळं आवरणारे एक काका म्हणाले, "हय नको, रातीक पाणी वर येता." मला वाटलं, आपल्याला हाकलतायत. साडेदहाला जाग आली तेव्हा मागची चाकं पाण्यात होती. रेस दिली तशी ती आणखी रुतली. शेवटी त्याच काकांनी चार पोरं आणली, चाकांखाली नारळाच्या झावळ्या घातल्या आणि सगळ्यांनी ढकललं. काका एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तो हिशेब नंतर शिकलो. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला सहा. अमावास्याही पंधराच धरायची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी पाचला जी वाळू तुम्हाला बोलावत असते, ती ओहोटीची वाळू असते. त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा एवढं चढत नाही. पण हिशेब येतो म्हणून गाडी पुळणीवर घालू नका. गाडी वर, रस्त्याच्या कडेला पक्क्या जमिनीवर ठेवा आणि समुद्र बघायला पायी जा. वेळाससारख्या ठिकाणी कासवं अंडी घालायला येतात, तिथे किनाऱ्याच्या दिशेला हेडलाइटही लावू नका. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घातली की पोलीस गुन्हा नोंदवतात, आणि पर्यटनस्थळी उघड्यावर चूल मांडली तर २०१९ पासून दंड आहे.

रत्नागिरी-देवगडकडचे जांभ्याचे सडे, म्हणजे तांबड्या खडकाची उघडी पठारं, मोहात पाडतात: सपाट, कोरडे, वारा भरपूर. मी तिथे झोपतो, पण अंधारात अनवाणी खाली उतरत नाही. हा फुरशांचा, विषारी सापांचा, मुलूख आहे. बॅटरी आणि बूट दाराशीच ठेवा.

काहीच जमलं नाही तर मुंबई-गोवा महामार्गावरचा पेट्रोल पंप. डिझेल भरा, मॅनेजरला सांगा, भिंतीच्या कडेला लावा. मासळीच्या गाड्यांपासून लांब; रात्रभर बर्फाचं पाणी गळतं आणि तो वास चार दिवस गादीतून जात नाही.

गाडीचं तोंड रस्त्याकडे, चावी ठरलेल्या जागी, दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं उघड्या. दारं लावून आत शेगडी पेटवायची नाही आणि इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळत नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका.

सकाळी एसटीच्या आधी उठा. कचरा पिशवीत भरून सोबत न्या, गावाच्या गडग्यामागे टाकू नका. ज्यांनी जागा दिली त्यांच्याकडे चहाला बोलावणं येतंच. पैसे पुढे करू नका, घेणार नाहीत. देवळाच्या पेटीत टाका आणि नारळ, कोकम काय असेल ते त्यांच्याकडून विकत घ्या.