रंगमंचावरील जादूगाराने जादूची उपकरणे कशी घडवावीत

अनेक वर्षे रंगमंचावर प्रयोग केलेला जादूगार उपकरणे घडवू लागतो, तेव्हा कुशल सुताराकडेही नसलेले एक ज्ञान त्याच्यापाशी असते. प्रेक्षकाची नजर कोणत्या क्षणी कुठे जाते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. म्हणून करवत हाती घेण्यापूर्वी, हा प्रयोग पाहिलेला माणूस घरी जाऊन काय सांगेल, ते एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लांबत चालले, तर रचनेत काहीतरी जास्तीचे शिरले आहे असे समजावे.

घड्याळजीच्या घरात जन्मलेल्या आणि स्वतः त्याच कामात मुरलेल्या फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ (१८०५–१८७१) यांनी १८४५ मध्ये पॅरिसमध्ये आपले नाट्यगृह सुरू केले. त्यांच्या ‘हलक्या-जड पेटी’च्या तळाशी लोखंड होते आणि रंगमंचाखाली विद्युतचुंबक; वीजप्रवाह सुरू केला की एरवी हलकी असलेली पेटी जागची हलत नसे. पुढे १८५६ मध्ये अल्जीरियात त्यांनी हेच तंत्र वापरले. पण पेटी जड झाली असे न म्हणता, उचलायला आलेल्या माणसाचीच शक्ती आपण काढून घेतली आहे, असे त्यांनी जाहीर केले. यंत्र तेच राहिले, प्रयोग मात्र पार वेगळा झाला. म्हणूनच यंत्राआधी निवेदन पक्के करावे, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर पूर्ण आकाराचा नमुना जाड पुठ्ठ्याचा करावा आणि पहिल्या रांगेतील दोन्ही टोकांच्या खुर्च्यांपासून नमुन्यापर्यंत दोऱ्या ताणून पाहाव्यात. ज्या कोपऱ्यापर्यंत दोरी सरळ पोहोचते, तो कोपरा प्रेक्षकालाही दिसणारच. आरसे वापरायचे असल्यास ही तपासणी अधिकच काटेकोर असावी. थॉमस टोबिन यांनी योजलेला आणि जादूगार स्टोडेअर यांनी १८६५ मध्ये लंडनमध्ये सादर केलेला ‘स्फिंक्स’ हा मेजावर धडाविना बोलणारे डोके दाखवणारा प्रयोग मेजाच्या पायांमधील आरशांवर उभा होता. त्या आरशांत बाजूचे पडदे दिसत आणि पाहणाऱ्याला तो मागचाच पडदा वाटे. अशा रचनेत दोन्ही पडद्यांचे कापड आणि त्यांवरचा प्रकाश सारखा नसेल, किंवा काचेवर बोटाचा एखादा ठसा राहिला असेल, तर सारी मेहनत वाया जाते.

खरे कसब कडांमध्ये असते. चोरकप्पा असलेली उपकरणाची बैठक, म्हणजे तळाची फळी, जाड दिसू नये यासाठी तिची पुढची कड आतल्या बाजूला उतरती तासावी, तिला काळा मॅट रंग द्यावा आणि वरच्या काठाशी सोनेरी रंगाची बारीक रेघ ओढावी. डोळा त्या रेघेलाच फळीची जाडी समजतो. खटका निःशब्द करण्यासाठी तो जिथे आदळतो तिथे नमद्याचा तुकडा चिकटवावा आणि अंधारात, केवळ आवाज ऐकत, तो शंभर वेळा दाबून पाहावा. सहायक आत बसणार असेल, तर प्रत्येक दार आतूनही एका हाताने उघडता आलेच पाहिजे. याबाबतीत कोणतीही सवलत देऊ नये.

मूळ कल्पना दुसऱ्या कोणाची असेल, तर त्याची परवानगी घेऊनच उपकरण विकावे.

तयार झालेले उपकरण शेवटी दुसऱ्या जादूगाराच्या हाती द्यावे आणि काहीही न सांगता बाजूला उभे राहावे. त्याचा हात जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि तो भाग पुन्हा उघडावा.