आहारातील तंतुमय पदार्थ वाढवताना या चुका टाळा

पोट साफ होत नाही अशी तक्रार सुरू झाली किंवा डॉक्टरांनी फायबर वाढवायला सांगितले, की बहुतेक घरांत ताटातली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर वाढते आणि औषधांच्या दुकानातून इसबगोल येतो. दोन्ही उपयोगाचेच आहेत, पण पोळी-भाकरी आणि आमटी-उसळीला हात न लावता केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवणे ही सर्वांत मोठी चूक आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार २००० किलोकॅलरींच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ असावेत. काकडीत बहुतांश पाणीच असल्याने वाटीभर कोशिंबिरीतून त्यांपैकी फार तर दोन ग्रॅम मिळतात.

खरा साठा धान्यात आणि कडधान्यात असतो. याच संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम आणि बाजरी, नाचणी व कणकेत ११ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात मात्र ते तीन ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. म्हणजे दोन्ही वेळा भातच जेवणाऱ्या माणसाने एका वेळी दोन भाकरी खाल्ल्या, तरी कोशिंबिरीच्या कित्येक वाट्यांनी जे साधत नाही ते साधते.

मात्र हे आकडे संपूर्ण धान्याच्या पिठाचे आहेत. पोळ्या मऊ व पांढऱ्या व्हाव्यात म्हणून बारीक चाळणीने कणीक चाळली, की चाळणीत उरणारा तपकिरी कोंडा केराच्या डब्यात जातो, आणि तंतूंचा मोठा भाग त्या कोंड्यातच असतो. पीठ निवडण्यासाठी चाळायचेच असेल तर मोठ्या भोकांची चाळणी वापरावी. कोंड्यासह भिजवलेल्या कणकेला पाणी थोडे जास्त लागते. ती अर्धा तास झाकून मुरू दिली तर पोळ्या वातड होत नाहीत.

डाळींचेही तसेच आहे. सालासकट मुगात १०० ग्रॅममागे सुमारे १७ ग्रॅम तंतू असतात, तर साल काढलेल्या मूगडाळीत साधारण ९. त्यातही आपले वरण पातळ असते, त्यामुळे माणशी पोटात जाणारी डाळ मूठभरही नसते. आठवड्यातून तीन-चार वेळा वरणाच्या जागी मूग, मटकी, मसूर किंवा हरभऱ्याची उसळ करणे हा सर्वांत परिणामकारक आणि खिशाला परवडणारा बदल आहे, असे माझे ठाम मत आहे.

परंतु नेमक्या याच टप्प्यावर अनेक जण माघार घेतात. उत्साहाच्या भरात सोमवारपासून भाकरी, उसळ, फळे आणि जवसाची चटणी असे सगळे एकदम सुरू होते, बुधवारपर्यंत पोट फुगते, आणि ‘मला हे मानवत नाही’ असा निष्कर्ष निघतो. जे तंतू व ज्या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. हे जिवाणू नव्या आहाराला सरावण्यास काही आठवडे लागतात, म्हणून एका आठवड्यात एकच बदल करावा. सुरुवात राजमा किंवा वाटाण्याने न करता मोड आलेल्या मुगाने किंवा मटकीने करावी. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे, मोड येऊ द्यावेत आणि बोटांनी सहज चेपेपर्यंत शिजवावे. भिजवण्याने व मोड आणण्याने वायू करणाऱ्या शर्करा कमी होतात.

दुसरी अडचण पाण्याची. तंतू वाढले पण पाणी तेवढेच राहिले, तर मल मऊ होण्याऐवजी अधिक घट्ट होऊ शकतो. इसबगोलाच्या बाबतीत तर हे धोक्याचे आहे, कारण पाण्यात पडताच त्याचा फुगून चिकट गोळा होतो. तो कोरडा कधीही तोंडात टाकू नये. पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा, वर आणखी पाणी प्यावे आणि त्यानंतर लगेच आडवे होऊ नये. ज्यांना गिळण्यास त्रास होतो त्यांनी तो घेऊच नये. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

उपवासाचा दिवस सहसा हिशेबात धरलाच जात नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यामुळे त्या दिवशी खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी, रताळे आणि पेरू असे खावे. पेरूत १०० ग्रॅममागे सुमारे साडेआठ ग्रॅम तंतू असतात, पण रस काढून गाळला की ते गाळणीतच राहतात. तपकिरी रंगाचा पाव घेतानाही वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. पहिले नाव मैद्याचे असेल तर तो रंग भुलवणारा आहे.

हे सर्व महिनाभर नेटाने करूनही फरक पडला नाही, तर तंतू आणखी वाढवत बसू नये. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके आणि थायरॉइडची कमतरता यांमुळेही बद्धकोष्ठ होते. मलातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.